धुऊन आलेला डबा

फेब्रुवारी लागला की मुखेडच्या बसस्टँडवर सकाळी माणसांपेक्षा डबेच जास्त दिसतात. कापडाच्या पिशव्या, वायरच्या पिशव्या, कापड दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या. प्रत्येकीवर बॉलपेननं ठसठशीत लिहिलेलं एकेका लेकराचं नाव. लातूरच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या सीटच्या बाजूला त्या एकावर एक रचून घेतो. बायका दारातून वाकून सांगतात, "भाऊ, आडवा ठिवू नका बरं, वरण हाय त्यात." गाडी हलली तरी बायका हलत नाहीत. परीक्षा जवळ आली की डबे जड होतात. तुपाची वाटी वाढते, शेंगदाण्याचा लाडू वाढतो, कुणी अंगाऱ्याची पुडीसुद्धा घालतं. मी शाळेत शिकवायला जाताना हे रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं.

आमच्या भागातली ही रीतच आहे. लेकरू शिकायला लातूरला नाहीतर नांदेडला ठेवायचं आणि त्याचं जेवण गावाकडून एसटीनं धाडायचं. मेसचं अन्न त्याला सोसत नाही, आईच्या हातचंच लागतं, असं आईला वाटतं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत येतो. फोनवर पोरगं काय, "बरं आहे" एवढंच म्हणणार. खरी खबर आणतो तो डबा. डबा रिकामा, म्हणजे लेकरू जेवलं. जेवलं, म्हणजे धड आहे. धड आहे, म्हणजे अभ्यास करतंय. एवढा मोठा हिशोब आमच्या बायका एक झाकण उघडून करतात, आणि त्यात आपली चूक होऊ शकते असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

आमच्या घरचा डबा तीन पुडांचा होता, जाड स्टीलचा. वरच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं: कु. उज्ज्वला. म्हणजे मी. दहावीला मी गावच्या शाळेत पहिली आले तेव्हा आप्पा मला उदगीरच्या बाजारात घेऊन गेले होते. अकरावीला लातूरला जायचं ठरलं होतं. भांड्याच्या दुकानात तो माणूस टर्रर्र आवाज करणाऱ्या मशीननं माझं नाव घालत होता आणि मी नाकातोंडात जाणारा तो धातूचा वास खुशाल घेत उभी होते. पुढे जूनमध्ये चुलत्यांनी आप्पांना विचारलं, "पोरगी एकली लातूरला ठिवतावा?" झालं. एवढ्या एका प्रश्नावर माझं लातूर संपलं. डबा फळीवर गेला आणि मी देवणीजवळच्या आमच्या गावातून उदगीरला जाऊन-येऊन शिकू लागले. बालाजी, माझा धाकटा भाऊ, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तो नववीत गेल्यावर त्याला लातूरला ठेवायचं ठरलं, तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. डबा फळीवरून खाली आला. मायनं तो चिंचेनं लख्ख घासला. त्याच्यावर माझं नाव होतं, पण ते खोडायचं कुणाला सुचलं नाही, आणि मलाही डबा माझा आहे असं म्हणायचं सुचलं नाही.

मी तेव्हा उदगीरला बी.एड. करत होते. पहाटे भाकरी थापायला मायसोबत मीच असायचे. डबा भरायचा आणि फाट्यावर जाऊन ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, ही कामं माझी. ज्या गावात मला जाऊ दिलं नाही, तिथं मी रोज सकाळी जेवण पाठवत होते.

पहिलं वर्ष डबा परत यायचा तो अगदी घाण. कडेला वरण वाळून चिकटलेलं, तळाशी भाकरीचा चतकोर, कधी ठेच्याचा लाल डाग. माय घासता घासता कुरकुरायची, "धून द्यायला काय हात मोडलेत का ह्येचे?" आणि मग तो चतकोर स्वतःच खाऊन टाकायची. मला त्या डब्याचा राग यायचा. आज वाटतं, तो वाळलेला वरणाचा थर केवढा भाग्याचा होता.

बालाजी दहावीला असतानाची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आठवते. लातूरकडची माणसं त्या अवसेला घरात थांबत नाहीत. शहर ओस पडतं, दुकानांना कुलपं लागतात आणि जो तो कुणाच्या तरी रानात जाऊन बसतो. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं गार आंबील असं पोट तटतटेपर्यंत जेवायचं. शेंगा, वाटाणे, हरभरा, मेथी, पात असं रानातलं जे जे हिरवं ते सगळं त्या भज्जीत पडतं. बालाजी लहानपणी कोपीच्या मागे लपून गाडग्यातली भज्जी बोटानं चाटायचा. त्या वर्षी तो आलाच नाही. फोनवर म्हणाला, "क्लासची टेस्ट हाय." मायला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक ताठाही होता. बायकांना सांगत होती, "आमच्या बाल्याला येळवसीलाबी सुट्टी न्हाई." दुसऱ्या दिवशी तिन्ही पुडांत भज्जी, उंडे आणि तिळाच्या पोळ्या भरून डबा गेला. संध्याकाळी परत आला, तो धुतलेला होता.

नुसता विसळलेला नव्हे, साबणानं घासून, पुसून कोरडा केलेला. मायनं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. तिनं डबा नाकाला लावला. त्यानंतर रोज तसाच. तिच्या कौतुकाला मग काही धरबंध राहिला नाही. फाट्यावर डबे घ्यायला आलेल्या बायकांपुढं ती आमचा डबा उघडून दाखवायची. "बगा, कसा आरशावानी. माझं लेकरू शहाणं झालं." ज्यांची पोरं खरकटे डबे धाडत त्या बायका बिचाऱ्या ओशाळून आपली पिशवी पदराआड करायच्या. मला हसू यायचं आणि संतापही यायचा. मी कळायला लागल्यापासून भांडी घासत आलेय, माझ्या घासण्याचा डांगोरा कधी कुणी पिटला नाही. पोरानं एक डबा धुतला, तर गावभर वार्ता.

फेब्रुवारीत मला पुस्तकांसाठी लातूरला जावं लागलं. तो दिवस मला अंगावर घातलेल्या कपड्यासकट आठवतो. सकाळी शिरशिरी आणि दुपारी ऊन कानशिलात. डाळमिलच्या बाजूनं येणारा तुरीच्या टरफलांचा तो खमंग, नाकात खवखवणारा वास. क्लासच्या गल्लीत मात्र वासच नव्हता, नुसते चेहरे होते. दोन्ही बाजूंना फ्लेक्स आणि फ्लेक्सवर गुणवंत पोरं, एकाच दुकानातून आणल्यासारखं हसणारी. खालून सायकली आणि स्कूट्यांवरून खरी पोरं चाललेली. ती हसत नव्हती.

बालाजीच्या रूमवर गेले तर तो भर दुपारी झोपलेला. खिडकीला चादर बांधलेली. ओठ वाळलेले, गालफडं बसलेली. मला बघून तो घाबरला नाही, दचकला नाही, नुसता बघत राहिला, जसं आपण पाण्याकडं बघतो. मी विचारलं, "जेवलास का?"

"हाव. आत्ताच जेवलो."

माझं डोकं उन्हानं ठणकत होतं. म्हटलं, गोळी घेऊन येते. गल्लीच्या तोंडाशी मेडिकल होतं. काउंटरमागं एक माणूस मान खाली घालून जेवत बसला होता. समोर पुडं मांडलेली. झाकण उलटं नव्हतं, सुलटं होतं. त्याच्यावर माझं नाव होतं.

तो ओशाळून म्हणाला, "बसा ताई, दोन घास राहिलेत. काय पायजे?"

"हा डबा कुणाचा हाय?"

"एका पोराचा. त्याला जेवण जात न्हाई. टाकूनच देत होतं बगा येड्यावानी. म्या म्हणलं, आन्न हाय, टाकू ने. तवापासून म्या खाऊन राहिलो. माझी मंडळी गावाकडं असती, मला कोण करून घालतंय?" मग त्यानं बोट चाटलं आणि मनापासून म्हणाला, "येळवशीची भज्जी काय होती ताई! आशी भज्जी म्या जल्मात खाल्ली न्हाई. म्या तसा कुणाचा डबा खरकटा परत देत न्हाई बरं का. घासून, पुसून देतो. माऊलीनं एवढं करून धाडायचं आन आपण खरकटं द्यायचं, बरं दिसतंय का?"

"त्याला जेवण का जात नाही?"

त्यानं एकवार माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकवार मागच्या फळीकडं पाहिलं. फळीवर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. मग तो घाईनं हात धुवायला उठला.

मी डबा उचलला. अर्धी भाकरी आणि शेपूची भाजी होती, पहाटे माझ्याच हातानं भरलेली. मी तो तसाच उघडा घेऊन भर गल्लीतून चालत गेले. त्या माणसाच्या अंगावर मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं, असं आता सगळे सांगतात. पण तो चांगुलपणानं बोलत होता हो! एका हातानं बाटली देणारा आणि दुसऱ्या हातानं माझ्या मायचा डबा माऊली माऊली म्हणत घासणारा माणूस समोर असला, तर कुठल्या हाताला शिव्या घालायच्या?

रूमवर कॉटखाली त्या औषधाच्या बाटल्याच बाटल्या निघाल्या. दप्तरात वह्यांच्या मध्ये दोन. बालाजी भिंतीला टेकून बसला होता. मी विचारत गेले तसं सांगत गेला, अगदी गणिताचं उदाहरण सांगावं तसं कोरडं. क्लासमध्ये टेस्टच्या मार्कांवर बॅच बदलायची. यादी लागली की वरच्या बॅचमध्ये गेलेली पोरं आनंदात बिअर प्यायची, खालच्या बॅचमध्ये आलेली दुःखात. पहिल्यांदा तो असाच प्यायला, कुणाच्या तरी गच्चीवर, भर दुपारी. पण बिअरचा वास यायचा आणि घरमालक तोंड हुंगायचा.

"आवशिदाला कुणी काय म्हणत न्हाई, आक्का. खोकला कुणालाबी होतो. घेतलं की डोकं गप होतंय. मग यादीत कुठं का नाव आसंना."

"आणि डबा रे?"

"बघितला की मळमळतंय. आन रिकामा न्हाई धाडला तर माय लगी फोन करती."

मायचा फोन येऊ नये म्हणून. माझ्या मायचा सगळा पहाटेचा धूर, तिच्या तळहाताचे चटके, या एवढ्यासाठी त्या माणसाच्या पोटात जात होते. बालाजीला औषध सहज मिळत होतं, त्या माणसाला जेवण सहज मिळत होतं. कुणाची तक्रार नव्हती.

मी आप्पांना बोलावून घेतलं. ते आले, कॉटवर बसले, एक बाटली हातात घेऊन वाचत राहिले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा मला दिसला. म्हणाले, "दारू न्हाई ना ही? आवशीद तर हाय." मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. आमच्या घरात कधी कुणी दारूला शिवलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. दारू म्हणजे व्यसन, बाटलीवर खोकला लिहिलं की औषध. त्या दिवशी त्यांनी लेकाला दवाखान्यात नेलं नाही. "परीक्षा तोंडावर आली, ती होऊ दी," म्हणाले.

परीक्षा झाली नाहीच. बाटली बंद केल्यावर त्याला झोप येईना, अंग थरथरे, नाक-डोळे वाहत. मराठीच्या पेपरला मी त्याला शाळेच्या फाटकापर्यंत धरून नेलं. आत निबंध लिहायचा तर अक्षर ओळीवर राहीना, असं त्यानं नंतर सांगितलं. पुढच्या पेपरला तो उठलाच नाही. मग उदगीरच्या दवाखान्यात दाखल केलं आणि गावात सांगितलं, कावीळ झाली. कावीळ म्हटल्यावर माणसं धावून आली. कुणी पाला आणला, कुणी उसाचा रस, कुणी हात धुऊन पिवळं पाणी काढणाऱ्याचा पत्ता. लोकांच्या मायेत खोट नव्हती. पण ती सगळी माया काविळीसाठी होती. खरं नाव सांगितलं असतं, तर यातलं एक माणूस उंबऱ्यात आलं नसतं, आणि हे मायला पक्कं माहीत होतं. ती प्रत्येकाचा पाला ठेवून घ्यायची आणि मागच्या दारानं फेकायची. बाहेर बाभळीखाली पाल्याचा ढीग वाळत पडला होता. धुतलेल्या डब्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मात्र फाट्यावर तिनं पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही.

आज मी मुखेडच्या एका शाळेत दहावीला मराठी शिकवते. आमच्या वर्गातली दोन-तीन पोरं रुमाल सारखा नाकाशी धरतात. सर्दी नाही. मी एकदा रुमाल मागून घेतला, तर पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, परीक्षा झाल्यावर बघू. आत्ता बोंबाबोंब झाली तर शाळेचं नाव जातं." परीक्षा झाल्यावर! आमच्या आप्पांचंच वाक्य. एका पोराच्या आईला मी घरी जाऊन सांगितलं. ती चुलीपुढून उठली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "न्हाई हो बाई, आमचा तसा न्हाई. त्येला सर्दीचं हाय." तिच्या डोळ्यांत मला माझी माय फाट्यावर डबा उघडून दाखवताना दिसली. चहा पिऊन उठले.

गेल्या वर्षी परीक्षेला भरारी पथक आलं. कॉपी शोधायला त्यांनी पोरांचे बूट काढले, मोजे काढले, कॉलर उलट्या केल्या. एका पोराच्या मोज्यातून गोळ्यांची पट्टी निघाली. साहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ती पट्टी पोराच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "जा, बस." मी वर्गात पर्यवेक्षक होते. मी पुढे होऊन ती पट्टी मागितली, तर साहेब माझ्यावरच खेकसले, "मॅडम, पेपर सुरू झालाय, पोराला डिस्टर्ब करू नका."

बालाजी आता गावी असतो. पुढं त्यानं बाहेरून दहावी काढली. देवणी जातीच्या गाईबैलांची दावण त्यानं चांगली राखलीय, बैलांच्या अंगावर हात फिरवतो तेव्हा त्याचा चेहरा लहानपणीसारखा होतो. पहाटे रानात जातो, दिवस मावळायच्या आत येतो. डबा तोच. माय तो घेऊन उंबऱ्यात उभी असते. झाकण उघडते, आत बघते, वास घेते आणि रोज एकच प्रश्न विचारते, "आज भाजी काय हुती रे?" कुणी पाहुणा असला तर त्याला वाटतं, म्हातारीला सकाळचं ध्यानात राहत नाही. बालाजी चिडत नाही. "गवारी," म्हणतो, "पिठलं," म्हणतो, आणि पाय धुवायला जातो. इतकी वर्षं त्याचं एकही उत्तर चुकलं नाही. आमच्या घरात रोज संध्याकाळी एक परीक्षा होते आणि तिचा निकाल लागल्याशिवाय माय चूल पेटवत नाही. डबा खरकटा आला की तिला फार बरं वाटतं. कुरकुरत घासते, पण घासताना गुणगुणते.

परवा महाशिवरात्रीला जोडून सुट्टी होती म्हणून गावी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मायला म्हटलं, तू पड, डबा मी भरते. कितीतरी वर्षांनी त्या झाकणावरचं माझं नाव हाताखाली आलं. दिवसभर आंब्याच्या मोहराचा वास घरात येत होता. बांधावरचा पळस फुलला होता. दुपारी ऊन कानशिलात बसायला लागलं आणि मला उगीचच लातूरची ती गल्ली आठवत राहिली. संध्याकाळी बालाजी आला. त्यानं पिशवी मायच्या हातात दिली. मायनं झाकण उघडलं. डबा धुतलेला होता, पुसून कोरडा केलेला.

मायनं वास घेतला. आवाज रोजचाच होता. "आज भाजी काय हुती रे?"

बालाजी पायातली चप्पल काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मेथी," म्हणाला आणि पाय धुवायला हौदाकडं गेला.

मायनं माझ्याकडं बघितलं. भाजी कुठली ते तिला माहीत नव्हतं, डबा मी भरला होता. ती माझ्या तोंडून हो येण्याची वाट बघत होती, तो उघडा डबा तसाच छातीशी धरून.

मी वांगं भरलं होतं.